पूर्ण फेरा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष असलेले आपल्या प्रशिक्षण केंद्राचे संचालक, तब्येतीची कुरकुर बाजूला ठेवून प्रमुख पाहुणे म्हणून आलेले, तोफखान्यात हयात घालवलेले आपले ज्येष्ठ अधिकारी, व्यासपीठावरचे भांडारप्रमुख, सत्कारमूर्ती, म्हणजे आमच्या बाई, पहिल्या रांगेत, आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही असं समजून बुटाची नाडी सैल करून बसलेले बाईंचे यजमान, ज्यांना आपण सगळे कप्तान म्हणतो, कोनमापन विभागातले माझे सहकारी, तोफांवरची मंडळी, त्यांच्या घरची माणसं, आणि भाषणं लांबली तर आधी सटकता यावं अशा बेतानं मागे दाराशी उभे राहिलेले सगळे प्रशिक्षणार्थी, आपणा सर्वांना नमस्कार.

आज बाई निवृत्त होताहेत, त्यांच्याविषयी बोलायचं म्हणून मी चार पानं लिहून आणली आहेत. ही बघा. लिहायचा मला कंटाळा नाही, आणि लिहिलेलं दोनदा खोडल्याशिवाय चैन पडत नाही, हे माझे सहकारी जाणतात. पण मघाशी प्रमुख पाहुण्यांना दाखवावं म्हणून भांडारप्रमुखांनी त्या मेजावरच्या मखमली कापडाचं एक टोक उचललं. खाली बाईंना द्यायची भेट आहे. त्यांनी ती दाखवली आणि पुन्हा झाकली. मी बाजूलाच बसले होते, मलाही दिसली. तेव्हापासून ही पानं हातात आहेत, अक्षरंही दिसताहेत, पण वाचायला गेलं की ओळ निसटते. तेव्हा मी थोडी इकडची तिकडे गेले, तर सांभाळून घ्या.

कार्यक्रमपत्रिका आपल्या हातात आहे. तिच्या खालच्या ओळीत उद्याचा कार्यक्रम छापला आहे. सकाळी, बाईंना मानवंदना म्हणून, डाव्या खाडीतल्या तराफ्यावर तोफांचा नेम. पाहुण्यांसाठी मांडव घातला आहे, खुर्च्या लागल्या आहेत. आता ज्यांना आमची पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तोफा उडण्याआधी कोनमापन विभागाच्या प्रमुखानं दोन शब्द म्हणायचे असतात, "यंत्रं तयार". ते म्हटले की समोरच्या खांबावर लाल निशाण चढतं. निशाण चढलं की तोफ उडते. इतकी वर्षं ते दोन शब्द बाई म्हणत आल्या. आज दुपारी त्यांनी मला कार्यभार दिला. म्हणजे उद्या ते शब्द माझ्या तोंडून निघायचे आहेत. त्या खिडकीतून खांब दिसतो. मी तिकडे न बघायचा प्रयत्न करतेय.

असो. बाईंकडे वळते.

मी इथे आले ती कॉलेजातून गणित घेऊन, आणि थोडा ताठाही घेऊन. पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं, एका वर्तुळात कोन किती? मी म्हटलं, दोन पाय. गणितातला पाय, तीन पूर्णांक चौदा शतांशवाला. आम्हाला तसंच शिकवलं होतं. बाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "दोन पायांवर तू उभी राहा. तोफ कशावर उभी करू ते सांग."

त्या दिवशी मी मिल शिकले. आज घरची मंडळी आली आहेत, आणि माझी मुलगी शाळेच्या कंपासपेटीपलीकडे कोन जातो हे मानायलाच तयार नाही, म्हणून बाई कशा शिकवायच्या ते सांगते. त्या मैदानावर एक मीटरची काठी उभी करायला लावायच्या, आणि आम्हाला हजार मीटर चालवत लांब न्यायच्या. चालताना बोलायचं नाही. मग वळा म्हणायच्या. ती काठी तिथून जेवढी दिसते, तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तुमची नजर जेवढी सरकते, तेवढा कोन म्हणजे एक मिल. एवढंच. हजार मीटरवर एक मीटर. चार हजारांवर चार. तोफेवरच्या माणसाला कागद-पेन्सिल घेऊन बसायला सवड नसते, म्हणून कुणीतरी हे सोपं माप काढलं. गोळा तराफ्याच्या वीस मीटर उजवीकडे पडला, अंतर चार हजार, तर पाच मिल डावीकडे घ्या. मनातल्या मनात होतं.

मग त्या प्रत्येकाला हात लांब करून एक बोट धरायला लावायच्या, एक डोळा मिटून. बोटाची रुंदी किती मिल झाकते? पुस्तकात तीस लिहिलंय. कुणाची अठ्ठावीस भरायची, कुणाची पस्तीस. आमच्यात एक पैलवान गडी होता, त्याचं बोट चाळिसाला जाऊन भिडलं. तो म्हणाला, बाई, माझं बोट चुकलं का? बाई म्हणाल्या, "तुझं बोट बरोबर आहे. पुस्तकानं तुझं बोट पाहिलेलं नाही."

हे वाक्य मी आज का सांगतेय ते पुढे येईल. कदाचित येईल. मला अजून धीर होत नाहीये.

संचालक साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मी लवकर आटोपते, साहेब.

आता घोटाळ्याची गोष्ट. हे सोपं मिल वर्तुळात बसवायला गेलं की नीट बसत नाही. काटेकोर भाग केले तर सहा हजार दोनशे त्र्याऐंशी आणि वर थोडं शेपूट उरतं. दुर्बिणीच्या कोन मोजायच्या चकतीवर असले आकडे कोण कोरणार? म्हणून निरनिराळ्या सैन्यांनी आपापल्या सोयीनं तो आकडा गोल करून घेतला. आपल्याकडे वर्तुळाचे चौसष्टशे भाग. अर्धे करत जा, कुठेही अडत नाही. काटकोन सोळाशेचा. दुसऱ्या काहींनी साठशे केले. त्यांचंही चूक नाही. घड्याळाच्या तबकडीसारखं ते सुटसुटीत, काटकोन पंधराशेचा. दोघंही त्या भागाला मिलच म्हणतात, किंवा तसंच काहीतरी. दोघांच्या चकत्या लांबून सारख्याच दिसतात. जवळूनही सारख्याच दिसतात, जोवर तुम्ही थोडंसंच फिरवता.

आणि कप्तानांच्या जगात तर तिसरंच. तिथे तीनशेसाठ अंश, अंशात साठ कला, आणि रेखावृत्तावर एक कला सरकलं की एक सागरी मैल. बाईंच्या घरी चहा प्यायला गेलात तर कान उघडे ठेवा. भिंतीवरचं चित्र सरळ करायचं होतं, तेव्हा मी तिथे होते. कप्तान म्हणाले, एक अंश डावीकडे घे. बाई स्टुलावरून म्हणाल्या, अठरा मिल म्हणा, कळेल असं बोला. कप्तान म्हणाले, अगं, भिंत आहे ती, शत्रू नाही. चित्र अजून वाकडंच आहे. पण त्या घरात कुणी नुसता आकडा कधी बोलत नाही. आकडा आला की त्यामागून हा कुणाचा, अंशाचा की मिलचा, हे आलंच पाहिजे. नाहीतर भाजीत मीठ किती हेही पुन्हा विचारलं जातं.

कप्तान हसताहेत. बरं वाटलं.

या सगळ्या घोटाळ्यावर बाईंचा एकच उपाय होता, आणि इथे बसलेल्या प्रत्येकानं त्यापायी त्यांना मनात शिव्या दिल्या आहेत. पूर्ण फेरा. तोफेवरची नेम धरायची दुर्बीण, नवी असो, जुनी असो, कालच तपासलेली असो, तोफ उडण्याआधी तिची चकती शून्यावरून निघून पूर्ण वर्तुळ फिरवून परत शून्यावर आणायची. फिरवणाऱ्यानं वाचायचं नाही. वाचणाऱ्यानं फिरवायचं नाही. वाचणाऱ्यानं प्रत्येक शंभराचा आकडा मोठ्यानं म्हणायचा, आणि मध्ये थांबायचं नाही. त्रेसष्टशेनंतर शून्य आलं, तर ही चकती आपली. उन्हात, पावसात, अधिकारी ताटकळत उभे असताना, एकेका तोफेपाशी हे पाढे म्हटल्यासारखं चालायचं. मला आठवतंय, एकदा एका वरिष्ठांनी विचारलं, बाई, रोज वर्तुळाचे भाग बदलतात का? बाई म्हणाल्या, "वर्तुळाचे नाही बदलत, साहेब. चकतीचे कोण बदलेल त्याचा भरवसा नाही."

या वर्षाच्या सुरुवातीला नव्या दुर्बिणी आल्या. दुसऱ्या देशाच्या सैन्यानं काढून टाकलेल्या, पण उत्तम काचेच्या, काळ्या टोपीच्या. त्या मूळच्या साठशे भागांच्या होत्या, हे कुणी लपवलं नाही. पुरवठादारानं सांगितलं की आम्ही चकत्या बदलून चौसष्टशेच्या बसवल्या आहेत. तसं लिहून दिलं, शिक्का मारला, प्रत्येक दुर्बीण सीलबंद करून पाठवली. दोन तोफांवर त्या चढल्या. आणि त्याच सुमाराला पूर्ण फेरा बंद झाला. कारण पटण्यासारखं होतं. दुर्बिणी प्रमाणित, वेळ वाचतो, आणि बाहेरचे लोक आपल्याला हसतात. बाईंनी विरोध नोंदवला. मीही त्या विरोधाखाली सही केली. त्या सहीचा कुणाला त्रास झाला नाही.

नेहमीचा तराफा असतो तो जुन्या दीपस्तंभाच्या जरासा डावीकडे. दीपस्तंभावर शून्य धरायचं आणि तीस, चाळीस, पन्नास मिल फिरायचं. समजा चकती चुकीची आहे. तीस मिल फिरवले तर चूक दोन मिलची. चार हजार मीटरवर आठ मीटर. आठ मीटर म्हणजे काहीच नाही, तेवढा तर तोफेचा स्वभावच असतो. म्हणून महिनोन् महिने सगळं छान चाललं. तोफांवरची मुलं चांगली आहेत, मनापासून काम करतात. त्यांचं काहीही चुकलं नाही, हे मला या व्यासपीठावरून सांगायचंच होतं. लहान कोनात खोटी चकती पकडली जात नाही. ती तुमचा विश्वास संपादन करते.

मग गेल्या महिन्यात तराफा प्रथमच डाव्या खाडीत नेला. दीपस्तंभापासून काटकोनात. हुकूम होता सोळाशे. एका काळ्या टोपीच्या तोफेनं सोळाशे लावले आणि गोळा उडाला. तो तराफ्यापाशी पडला नाही. सरावक्षेत्राच्या सीमारेषेच्या पलीकडे, लाँचच्या धक्क्यासमोरच्या चिखलात पडला.

कुणाला इजा झाली नाही. मी हे घाईनं सांगते, कारण तेव्हाही सगळ्यांनी हे घाईनं सांगितलं.

धक्क्यावर कोण होतं? कप्तान होते. मोठ्या जहाजांवरून उतरल्यापासून ते आता पलीकडच्या काठाला जाणारी लाँच चालवतात. शाळेची मुलं, दवाखान्यातल्या परिचारिका, बर्फाच्या कारखान्यातले कामगार, अशी माणसं शिडीवरून चढत होती. आवाज झाला, चिखल उंच उडाला. माणसं धावली. कप्तान नाही धावले. त्यांनी लाँचवरचं हातात धरायचं होकायंत्र उचललं आणि चिखल उडाला त्या जागेची दिशा घेतली. आयुष्यभराची सवय. त्यांनीच मला सांगितलं की दिशा घेऊन झाल्यावर मग त्यांनी शिडीवरची मुलं मोजली.

संध्याकाळी घरी जाऊन, नकाशावर तोफा, तराफा आणि ती दिशा मांडून ते बाईंना एवढंच म्हणाले, "तुमच्याकडून आज सहा अंश जास्त गेलंय." बाई म्हणाल्या, "आमच्याकडे अंश नसतात." आणि मग त्या खुर्चीवर बसल्या. कारण सहा अंश कुठून येतात हे त्यांना बसता बसता कळलं. सोळाशेला चौसष्टशेची चकती काटकोन दाखवते, नव्वद अंश. साठशेची चकती त्याच सोळाशेला शहाण्णव दाखवते. सहा जास्त. बरोबर सहा.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला आम्ही दोघी तिथे गेलो. गुडघाभर चिखल. खड्डा सापडला. दोन ठिकाणांहून कोन घेतले. मी वाचत होते, बाई लिहीत होत्या, मग आम्ही अदलाबदल केली. मी तीन वेळा मोजलं, कारण मला ते चुकायला हवं होतं. चुकलं नाही.

चौकशी बसली. तीन सदस्य, कॉफीच्या दोन फेऱ्या. निष्कर्ष निघाला, जोराचा वारा आणि तोफेखालची सरकलेली वाळू. बाईंनी विचारलं की वाळू सरकते तर ती नेमकी सहा अंशच कशी सरकली? त्यांना उत्तर मिळालं की योगायोग असतात. बाईंनी सांगितलं, एक दुर्बीण आणा, आत्ता फिरवून बघू. उत्तर मिळालं, चौकशीसाठी दुर्बिणी सीलबंद आहेत, सील काढता येत नाही. चौकशी संपल्यावर बाई पुन्हा गेल्या. उत्तर मिळालं, आता चौकशी संपली, कशाला काढायचं? आणि कप्तानांनी घेतलेल्या दिशेबद्दल तर असं ठरलं की साक्षीदार घरचा आहे. त्यांचं होकायंत्रही घरचं ठरलं असावं.

आपण हसलात. मलाही तेव्हा हसू आलं होतं. नंतर नाही आलं.

भांडारप्रमुखांनी चिठ्ठी पाठवली आहे. "आटोपतं घ्या." घेते.

मी इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण ती मला स्वतःलाही रोज सांगावी लागते. भांडारप्रमुख खोटं बोलताहेत असं मी म्हणत नाही. संचालक साहेबांना माणसांची काळजी नाही असं तर मुळीच म्हणत नाही. त्यांच्याकडे कागद आहे, कागदावर शिक्का आहे, आणि त्यांनी त्यावर विश्वास ठेवला. माझ्याकडे काय आहे? एक खड्डा, तोही आता भरतीनं बुजला. एक बेरीज-वजाबाकी. आणि बाईंवरचा विश्वास. विश्वास हा काही पुरावा नाही, हेही बाईंनीच शिकवलं. मग मी विचार करते, की मला खरंच संशय आहे, की बाई जाताहेत म्हणून त्यांची बाजू घ्यायचा हा शेवटचा मोह आहे? कुणाच्या निरोपाच्या दिवशी असं बोलणं शोभतं का? बाईंना तर मी काही सांगितलंही नाही. त्या बघा, माझ्याकडे जरा रागानंच बघताहेत. चिखलाची गोष्ट काढलेली त्यांना आवडलेली नाही. त्यांना वाटलं होतं मी बोटाची गोष्ट सांगून बसेन.

बसले असते, बाई. पण उद्याची वेळ बघा.

उद्याचा तराफा त्याच जागी आहे. हुकूम तोच, सोळाशे. त्या दोन दुर्बिणींची सीलं काल निघाली, आज त्या पुन्हा तोफांवर चढल्या आणि तोफांवर आच्छादनं पडली. फरक एवढाच आहे की त्या दिवशी ओहोटी होती. जिथे गोळा पडला तिथे चिखल होता. उद्या त्या वेळी भरती आहे. भरतीला लाँच वळसा घालत नाही, चिखलावरच्या पाण्यातूनच सरळ जाते, आणि सकाळची पहिली लाँच भरलेली असते. चालवणारे पहिल्या रांगेत बसले आहेत. मी मघाशी त्यांना सहज विचारलं, उद्या सुट्टी घेणार का, बाईंचा कार्यक्रम आहे. ते म्हणाले, पहिली खेप करून येतो, ती चुकवली तर पोरांची शाळा चुकते. लाँचचा मार्ग सीमारेषेच्या बाहेर आहे, त्यामुळे ती थांबवायचं कुणाला कारणही नाही.

यावर मी "यंत्रं तयार" म्हणायचं आहे.

मी आज सकाळपर्यंत काय ठरवलं होतं ते सांगते. काहीही ठरवलं नव्हतं. कधी वाटायचं नकार द्यावा. कधी वाटायचं, नकार दिला तर एका दिवसात दुसरं कुणी प्रमुख होईल, तो म्हणेल. कधी वाटायचं, चकत्या खरंच बदललेल्या असतील, आणि मी बाईंच्या मानवंदनेचा विचका करून बसेन. आच्छादन काढून स्वतःच फिरवावी म्हणून मी दुपारी तोफांपर्यंत गेलेही. पहारेकऱ्यानं अदबीनं परत पाठवलं. त्याचंही बरोबर होतं.

आणि मघाशी त्या कापडाचं टोक उचललं गेलं.

भांडारप्रमुखांना मनापासून धन्यवाद द्यायचे आहेत. बाईंना भेट म्हणून काय द्यावं याचा त्यांनी खूप विचार केला असणार. बाईंनी जन्मभर दुर्बिणी हाताळल्या, तेव्हा लाकडी बैठकीवर बसवलेली एक चकचकीत दुर्बीण. सुंदर कल्पना आहे. भांडारात शिल्लक असलेल्या दुर्बिणींतली सगळ्यात नवी दिसणारी त्यांनी निवडली. मी बसले होते तिथून तिची टोपी दिसली. काळी आहे.

त्याच खेपेतली आहे ही. शिल्लक राहिलेली, न वापरलेली. हिलाही पुरवठादाराचा तोच शिक्का आहे. सील बैठक बसवताना निघालं आहे. आणि आजपासून ही भांडाराची वस्तू राहिलेली नाही, बाईंची आहे. तिला हात लावायला बाईंशिवाय कुणाची परवानगी लागत नाही.

अध्यक्ष महोदय, आपली परवानगी असो वा नसो, असं मी म्हणणार नाही. मी परवानगीच मागते. दोन मिनिटं. त्रेसष्टशेनंतर शून्य आलं, तर मी इथेच, या माइकवर, आपली आणि भांडारप्रमुखांची क्षमा मागेन, आणि उद्या सगळ्यांच्या आधी "यंत्रं तयार" म्हणेन. तसं व्हावं असं मला मनापासून वाटतं. खोटं नाही सांगत. माझं हसं झालेलं मला चालेल.

प्रमुख पाहुण्यांनी मान हलवली. ते म्हणताहेत, फिरवा. धन्यवाद, साहेब.

कुणीतरी ते कापड काढा. फुलं बाजूला ठेवा. सावकाश. बाई, उठा. पूर्ण फेरा. फिरवायचं तुम्ही.

आणि वाचायचं संचालक साहेबांनी. नाही साहेब, मी नाही वाचणार. मी वाचलं तर ते घरचंच होईल. भांडारप्रमुखांनीही नको, त्यांना त्रास नको. आपण वाचा. चष्मा लावा. माइक जवळ घेते. मागच्यांना ऐकू जायला हवं.

शून्य आहे? शून्य. बाई, चला.

शंभर. दोनशे. जरा मोठ्यानं, साहेब. हो, असंच. बाई घाई करत नाहीत, घाई करायची नसते.

आपल्याला हा वेळ लांब वाटतोय ना? मला पहिल्यांदा असाच वाटला होता. यातच सगळं आहे. पंधराशे. सोळाशे. इथेच त्या दिवशी तोफ थांबली होती. आपण थांबायचं नाही, पुढे जायचं.

बत्तीसशे. एवढ्यावर आपलं अर्धं वर्तुळ होतं. दुर्बिणीचं तोंड आता बरोबर उलट दिशेला यायला हवं, की ते पुढे गेलं? माझं राहू दे. मी बघणार नाही. आकडा काय येतो ते महत्त्वाचं.

पन्नासशे. एक्कावन्नशे. कुणी बोलू नका, प्लीज.

सत्तावन्नशे. अठ्ठावन्नशे. एकोणसाठशे.

साहेब?

वाचणाऱ्यानं थांबायचं नसतं, साहेब. पुढचा आकडा म्हणा. जो असेल तो.

शून्य.

पद्धतीप्रमाणे मी पुन्हा म्हणते, आपण खूण करा. एकोणसाठशेनंतर शून्य. बरोबर? धन्यवाद, साहेब. आपला आवाज स्पष्ट होता. बसा आपण. कुणीतरी साहेबांना पाणी द्या.

मला बरं वाटत नाहीये. जिंकल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं.

तर उद्या सकाळी मी ते दोन शब्द म्हणणार नाही. त्या खांबावर निशाण चढणार नाही. तोफांवरच्या दोन्ही दुर्बिणी आणि भांडारातल्या सगळ्या, एकेक करून, साहेबांच्या समोर फिरवल्या जातील. फिरवणारा वाचणार नाही, वाचणारा फिरवणार नाही. ते होईपर्यंत मांडवातल्या पाहुण्यांना समुद्र बघावा लागेल. समुद्रही चांगला दिसतो तिथून.

कप्तान, उद्याची पहिली लाँच वेळेवर सोडा. सरळ मार्गानं.

बाई, तुमची भेट मात्र आज तुम्हाला घरी नेता येणार नाही, ती मला ठेवून घ्यावी लागेल. निरोपाच्या दिवशी तुम्हाला रिकाम्या हातानं पाठवतेय. काय म्हणालात? माइकवर आलं नाही. बाई म्हणताहेत, "बाकीच्यांच्या चकत्या उघडूनही बघ, नुसत्या फिरवू नकोस." हो, बाई.

अध्यक्षांनी स्वतः आकडे वाचले, प्रमुख पाहुण्यांनी मान हलवली, भांडारप्रमुखांनी ही भेट निवडली, आणि आपण सगळे इतका वेळ बसलात, प्रशिक्षणार्थी तर उभे राहिले. या सर्वांचे आभार. मी लिहून आणलेली चार पानं तशीच राहिली. त्यांत बाईंचं कौतुक होतं, ते त्यांच्याकडे टपालानं पाठवीन, त्या लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवतीलच. माझ्या बोलण्यात कुणाचा मान कमी झाला असेल, कुणाचं नाव राहून गेलं असेल, वेळ तर नक्कीच जास्त घेतला गेला. ते सगळं मोठ्या मनानं पोटात घाला. बोलण्यातली चूक आपण माफ करू शकता. ती मागते. चकतीतल्या चुकीसाठी मी कुणाकडे माफी मागायला आले, तर मात्र देऊ नका.

नमस्कार.